फवारणी पंपाचा सोल्डर केलेला जॉइंट पुन्हा पुन्हा सुटतोय? आधी तुटलेलं टोक बघा

बॅटरीवरचा फवारणी पंप पाठीवर घेतला, चार सऱ्या झाल्या आणि बंद. खाली ठेवला, बुडाला एक थाप मारली की चालू. परत पाठीवर घेतला, बांध ओलांडला की परत बंद. बॅटरी फुल, चार्जर ठीक, मोटर बदलून झाली, तरी तेच. खालचं झाकण उघडलं की नव्वद टक्के वेळा दिसतं ते एकच, लाल वायरला मध्ये कुठंतरी जोड मारलेला असतो आणि तो जोड सुटलेला असतो. मग परत डाग मारायचा, म्हणजे सोल्डर (कथील-शिशाची तार) वितळवून जोडावर बसवायचं, टेप गुंडाळायची, झाकण लावायचं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या घरी टोमॅटो आणि कांदा असतो, त्यामुळे हा पंप वर्षभर चालतो. एका सीझनमध्ये आण्णांच्या पंपाचा एकच जॉइंट तीन वेळा सुटला. दोनदा बाहेरून करून आणला, तिसऱ्यांदा मी स्वतः बसून केला, चांगला जाड डाग मारला, वरून टेपचे तीन वेढे दिले, आणि तोही नवव्या दिवशी सुटला. टोमॅटोवर करपा यायला लागलेला, ढगाळ हवा, औषध कालवून ठेवलेलं आणि आण्णा बांधावर पंप उघडून बसलेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा सुटलेलं टोक उजेडात धरून नीट बघितलं. सोल्डरचा गोळा जसाच्या तसा होता आणि त्यात एक स्वच्छ भोक होतं, वायर त्यातून सरळ बाहेर सरकलेली. चिखलात काठी रोवली आणि चिखल वाळल्यावर उपसली तर जसं भोक राहतं ना, तसंच. वायरच्या तारा काळ्या, त्यांना सोल्डरचा एक थेंबही चिकटलेला नव्हता. म्हणजे तीन वेळा जे केलं त्याला जोड म्हणताच येणार नाही, वायरवर नुसती टोपी घातली होती.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी पंप घेऊन आलं की मी पहिलं हेच सांगतो, सुटलेला जॉइंट कापून फेकू नका. तो का सुटला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

बघायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. बॅटरीच्या दोन्ही पिना काढा, कारण ह्या पंपात बहुतेक वेळा १२ व्होल्टची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी असते, व्होल्टेज कमी वाटतं पण लाल-काळी एकमेकांना टेकली तर ती इतका करंट देते की वायर लाल होऊन इन्सुलेशन पेटतं. आणि दुसरं, पंप आणि आतल्या वायरी आधी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरड्या करा, हे करताना हातमोजे घाला. वायरवर औषधाचा थर बसलेला असतो, त्यावर गरम आयर्न (सोल्डर वितळवायचं विजेचं हत्यार) टेकवलं की तो धूर सरळ नाकात जातो. हे कुणी सांगत नाही आणि मला तरी ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता तुटलेलं टोक.

वर सांगितलं तसं गोळ्यात भोक आणि वायर कोरी, तर तांबं घाण होतं, सोल्डर त्याला धरलंच नाही. गोळाच मधून फुटलाय आणि फुटलेली जागा खडबडीत, साखरेच्या दाण्यासारखी, राखाडी दिसतेय, तर एकतर आयर्न नीट तापलं नव्हतं किंवा सोल्डर गोठताना वायर हलली. गोळा शाबूत आहे, चकचकीत आहे, पण वायर गोळ्याच्या अगदी कडेला तुटलीय, तर सोल्डरिंग चांगलं झालं होतं, आधार दिला नव्हता. हिरवी किंवा पांढरी बुरशीसारखी पावडर साचलीय, तर पाणी शिरलंय किंवा चुकीचा फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून तांबं साफ करायला लावतात ते) वापरलाय. ह्यातलं कुठलं आहे ते कळल्याशिवाय परत डाग मारू नका, मारला तर तो पण तसाच सुटणार.

सगळ्यात जास्त सापडतं ते काळं तांबं. पंपाच्या खालच्या डब्यात पाणी झिरपतं, औषध झिरपतं, बोर्डो मिश्रण मारत असाल तर मोरचूद आहेच. इन्सुलेशन जिथं कापलंय तिथून ओल आत शिरते आणि बारीक तारांच्या मधल्या फटीतून वर चढत जाते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. त्यामुळे टोक सोललं, काळं निघालं, अजून एक इंच सोललं, तरी काळंच. आण्णांच्या पंपात मी लाल वायर सोलत सोलत चार बोटं मागं गेलो तरी लालसर तांबं दिसेना. अशा वायरला जोड मारायचाच नाही, अख्खी वायर बदलायची. २३/३६ ची वायर मीटरवर मिळते, २३ तारा, प्रत्येक ३६ गेजची, मिळून साधारण पाऊण चौरस मिलिमीटरच्या जरा आत, ह्या पंपाला पुरते. १४/३६ थोडी बारीक पडते, घेऊच नका. एक फूट वायरचे पैसे वाचवायला गेलो आणि तीन फवारण्या खोळंबल्या, असं आमचं झालं.

काळेपणा थोडाच असेल आणि वायर बदलणं खरंच शक्य नसेल, म्हणजे मोटरच्या आतूनच निघालेली आखूड वायर असेल, तर ती साफ करता येते. तांब्याचा बंब चिंचेने घासल्यावर कसा लख्ख निघतो, ते आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलंय, इथं पण काळं पडलेलं तांबंच आहे. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ टाकून त्यात तारांचं टोक पंख्यासारखं पसरून दहा-पंधरा मिनिटं बुडवलं की काळं सुटतं. पण मग ते टोक खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, नंतर साध्या पाण्यात, आणि पूर्ण वाळवायचं, नाहीतर आंबट आत राहतं आणि महिन्याभरात हिरवं फुटतं. बारीक पॉलिश पेपरने एकेक तार ओढून घासली तरी चालतं, वेळ लागतो, दोन-चार तारा तुटतात. मी शक्यतो वायरच बदलतो.

हल्ली एक वेगळीच भानगड असते. वायर बाहेरून तांब्यासारखी आणि आतून ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर तीच. किंवा एक तार काढून लायटरवर धरा, तांबं लाल होतं पण उभं राहतं, ॲल्युमिनियमची बारीक तार लगेच मान टाकते आणि तुटून पडते. ह्या वायरला डाग बसल्यासारखा वाटतो पण जरा जास्त वेळ तापवलं की वरचा तांब्याचा थर सोल्डरमध्ये विरघळून जातो आणि खालच्या ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. तुमचं कौशल्य कितीही असू दे, ती वायर टाकून द्या.

आता आयर्नकडे या. बहुतेक घरात २५ वॉटचं असतं आणि २३/३६ च्या वायरला ते पुरतं, पण पूर्ण व्होल्टेज मिळालं तर. आमच्याकडे संध्याकाळी लाइट इतकी डीम होते की मल्टीमीटर लावला तर २३० च्या जागी १८० दाखवतो. आता हिशोब करा, उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१, म्हणजे २५ वॉटचं आयर्न त्या वेळी साधारण १५ वॉटचं झालेलं असतं. त्यात डोक्यावर पंखा चालू. सोल्डर वितळतं, हे बघून आपल्याला वाटतं आयर्न तापलंय, पण वायरला टेकवलं की तांबं ती सगळी उष्णता ओढून घेतं आणि टोक थंड पडतं. मी तिसरा जॉइंट केला तो असाच, संध्याकाळी सात वाजता, पंख्याखाली बसून. तेव्हा व्होल्टेज बघा, सकाळी करा, पंखा बंद करा. बॅटरीच्या जाड पिना किंवा अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल तर ६० वॉटचं आयर्न लागतं, २५ वर अर्धा तास धरून बसलात तर फक्त इन्सुलेशन वितळेल.

आयर्नचं टोक म्हणजे बिट काळं पडलेलं असेल तर तिथंच गाडी अडते, कारण काळ्या थरातून उष्णता जातच नाही. ते कानशीने घासू नका, वरचा लोखंडाचा थर निघाला की सोल्डर आतलं तांबं खात सुटतं आणि बिटाला खड्डे पडतात. तापलेलं बिट ओल्या स्पंजवर किंवा पितळेच्या घासणीवर पुसा, लगेच त्यावर थोडं सोल्डर लावा, परत पुसा, दोन-तीनदा केलं की चकचकीत होतं. काम संपल्यावर बिटावर सोल्डरचा थर तसाच ठेवून बंद करा, पुसून कोरडं ठेवू नका.

सोल्डर ६०/४० चं घ्या, ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं, आत राळ भरलेलं, एक मिलिमीटर जाडीचं. सुट्टं विकतात ते स्वस्त पडतं पण त्यात बऱ्याचदा शिसंच जास्त असतं आणि ह्याचा थेट संबंध त्या साखरेच्या दाण्यासारख्या तुटण्याशी आहे. ६०/४० साधारण १९० डिग्रीला पूर्ण पातळ होतं आणि १८३ ला पूर्ण घट्ट, मधली सात डिग्री ते लापशीसारखं असतं. तेच उलटं, ४० कथील आणि ६० शिसं असेल तर पूर्ण पातळ व्हायला २३५ च्या पुढं जावं लागतं आणि घट्ट होतं मात्र तिथंच, १८३ ला. म्हणजे पन्नास-पंचावन्न डिग्री उतरेपर्यंत ते लापशीच्या अवस्थेत आणि तेवढा वेळ वायर जराही हलली की आत भेगा पडणार. हातात वायर धरून करणाऱ्याचा हात तेवढा वेळ स्थिर राहतच नाही. बिनशिशाचं सोल्डर वापरत असाल तर त्याला २२० च्या वर उष्णता लागते आणि ते गोठल्यावर मुळातच जरा फिकट दिसतं, ते बघून घाबरू नका.

फ्लक्सचं पण सांगतो. राळेचाच वापरा. पत्र्याची कामं करणारे ॲसिड वापरतात, त्याने काळ्या तारेवर पण सोल्डर पळत बसतं म्हणून लोक खूश होतात, पण ते तारांच्या आत राहतं आणि तांबं खाऊन टाकतं. टोकाला हिरवी पावडर दिसली आणि पंपात पाणी शिरलेलं नव्हतं, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो की फ्लक्स कुठला होता.

कल्हई करताना ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं लगेच समजेल. कल्हईवाला कथील वितळवून भांड्यात ओतत नाही. आधी भांडं भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, ती पूड पितळ साफ करते, आणि मग कथलाची कांडी नुसती भांड्याला टेकवतो. कथील भांड्याच्या उष्णतेने वितळतं, मग कापसाच्या बोळ्याने फिरवलं की आरशासारखं पसरतं. भांडं थंड असेल तर कथलाचे थेंब होऊन घरंगळतात. वायरचं काम अगदी हेच आहे, भांड्याच्या जागी वायर, नवसागराच्या जागी राळ. (नवसागर स्वतः वायरला लावू नका, तो पण तांबं खातो.) आयर्नवर सोल्डरचा थेंब घेऊन वायरवर आणून टाकणं, ही जी सवय सगळ्यांना असते, ती सोडली की निम्मे जॉइंट सुधारतात, कारण थेंब आणेपर्यंत त्यातली राळ जळून गेलेली असते आणि वायर थंडच असते.

आता प्रत्यक्ष करताना. एका फळीच्या तुकड्यावर कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे चार बोटांच्या अंतरावर चिकटवून घ्या, वायर त्यात धरली की दोन्ही हात मोकळे. माझा हा तुकडा अजून तोच आहे, कडेला जळालाय पण काम देतो.

सगळ्यात आधी श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आखडून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) वायरवर ओवा आणि जोडापासून लांब सरकवून ठेवा, जवळ ठेवली तर सोल्डर करताना ती तिथंच आखडते. सगळं झाल्यावर ट्यूब घालायची राहिली हे कळलं की परत कापण्याशिवाय उपाय नसतो. दोन्ही टोकं पाऊण इंच सोला, तारा कापल्या जाणार नाहीत असं. बोटाने तारांना हात लावू नका, औषधाच्या हाताने तर नाहीच. मग दोन्ही टोकांच्या तारा केरसुणीसारख्या पसरवा आणि समोरासमोर एकमेकींत घुसवा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवतो तशा, आणि मग डावीकडच्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे घट्ट पिळा. जोड वायरच्याच जाडीचा, सरळ एका रेषेत होतो. सोल्डर न लावता दोन्हीकडून ओढून बघा, तसाच धरून राहिला पाहिजे. दोन टोकं शेजारी धरून वेणीसारखा पीळ देतात आणि तो आडवा पाडतात, तो पंपात टिकत नाही, ओढ बसली की उकलतो.

तारांना राळेची पेस्ट अगदी थोडी. आयर्नचं टोक जोडाच्या खालून लावा, बिटावर आधी एक बारीक थेंब असू द्या, त्याने उष्णता पटकन जाते. सोल्डरची तार वरून, आयर्नच्या विरुद्ध बाजूला टेकवून ठेवा आणि थांबा. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत काही होत नाही, मग एकदम सोल्डर वायरच्या आत ओढलं जातं, तारांच्या मधे शिरताना दिसतं, कोरड्या भाकरीला कालवण लागावं तसं. तो क्षण एकदा डोळ्यांनी बघितला की परत कुणाला विचारायला लागत नाही. सगळ्या तारा चकाकल्या की आधी सोल्डर काढा, मग आयर्न, आणि पाच-सहा सेकंद हात लावू नका, फुंकर मारू नका. सोल्डरखाली प्रत्येक तारेचा आकार दिसायला पाहिजे. गुळगुळीत गोळा झाला असेल तर सोल्डर जास्त झालंय आणि आत काय आहे ते दिसत नाही. पाच सेकंद धरूनही ओढलं गेलं नाही तर तसंच धरून बसू नका, आयर्न थंड आहे किंवा तांबं घाण आहे, थांबा आणि ते आधी शोधा.

धुराबद्दल, तो शिशाचा नसतो, राळेचा असतो, पण दम्याच्या माणसाला तो वाईटच, खिडकीपाशी बसा. शिसं हाताला लागतं, ते हात तोंडात जातात, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवा, आणि सोल्डरची तार दातात धरायची सवय असेल तर ती आजच सोडा.

जोड गार झाला की राळेचा चिकटपणा स्पिरिटने पुसा आणि ट्यूब सरकवून तापवा. पंपासाठी आत गोंद असलेली ट्यूब मिळाली तर तीच घ्या, तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंद जरा बाहेर येतो आणि पाणी शिरायची वाट बंद होते. नुसती काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते, ती ह्या कामाची नाही. लाल आणि काळी अशा दोन्ही वायरींना जोड असतील तर ते समोरासमोर ठेवू नका, एक-दीड इंच मागे-पुढे करा, म्हणजे उद्या ट्यूब फाटली तरी दोघी टेकणार नाहीत.

आता ते गोळ्याच्या कडेला तुटणं, कारण चांगला डाग मारायला लागल्यावर माझे जॉइंट असेच तुटायला लागले आणि मला कळेना चुकतंय काय. शेजारच्या काकांचा पंप होता, जोड अप्रतिम दिसत होता, मीटर लावला तर कधी बीप (वायर सलग असली की तो वाजतो) कधी नाही. वायर दोन बोटांत धरून हळूहळू वाकवत गेलो तर जोडाला लागून एका जागी ती एकदम मऊ लागली, आत काहीच नसल्यासारखी. इन्सुलेशन चिरलं तर आतल्या सगळ्या तारा तुटलेल्या, वरचं प्लास्टिक शाबूत म्हणून दिसत नव्हतं. होतं काय की सोल्डर तारांमधून इन्सुलेशनच्या आतपर्यंत चढतं, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो, पुढची वायर मऊ, आणि मोटर थरथरते, माणूस चालतो, पंप दाणकन खाली ठेवला जातो, त्या सगळ्याचा वाक बरोबर ताठ आणि मऊ जिथं मिळतात त्या एका रेषेवर येतो. पत्र्याची पट्टी एकाच जागी वाकवून वाकवून तोडतो आपण, तसंच.

ह्यावर उपाय सोल्डरमध्ये नाही, बांधणीत आहे. ट्यूब जोडापेक्षा दोन्हीकडून निदान अर्धा-अर्धा इंच जास्त लांब घ्या म्हणजे तो वाक तिथं एकवटत नाही. जोड हवेत लोंबता ठेवू नका, केबल टायने पंपाच्या बॉडीला दोन ठिकाणी बांधा, जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. आणि वायर ताणून बसवू नका, बॅटरी सरकली तरी ओढ जोडावर येणार नाही एवढी ढील ठेवा. बॅटरी डब्यात खुळखुळत असेल तर बाजूला रबराचा किंवा फोमचा तुकडा घाला, वायर तुटायचं मूळ बऱ्याचदा ती हलणारी बॅटरी असते.

आणि काही ठिकाणी सोल्डर करायचंच नाही. बॅटरीच्या पिनेवर थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, असतं ते क्रिंपिंग पक्कडीने दाबून बसवा, साध्या पक्कडीने चेपून वर डाग मारणं म्हणजे परत तीच कडेची तूट. गाड्यांच्या वायरिंगमध्ये पिना क्रिंपच करतात ते ह्या थरथरण्यामुळेच. तसंच स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकाला सोल्डर लावू नका, घरातल्या प्लगमध्ये पण नाही. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो आणि तिथं गरम व्हायला लागतं. आणि घराच्या २३० व्होल्टच्या लाइनला भिंतीच्या आत असे जोड मारायचे नाहीत, तिथं बॉक्समध्ये कनेक्टरच पाहिजे आणि ते काम वायरमनचं.

शेवटची तपासणी मीटरच्या बीपवर करू नका. बीप एका तारेवर पण वाजतो. धरा जोडात ०.३ ओहम अडथळा आहे, साधा मीटर तो पकडणार नाही कारण त्याच्या स्वतःच्या वायरीच तेवढ्या असतात. पण मोटर ३ अँपिअर घेत असेल तर त्या जोडात ०.९ व्होल्ट पडतात आणि जवळपास पावणेतीन वॉट उष्णता तिथंच निघते, एवढ्याशा जागेत. पंपाचा फवारा कमी पडतो आणि आपण नोझल साफ करत बसतो. म्हणून पिना परत बसवा, टाकीत साधं पाणी भरा, पंप चालू करून फवारा सुटू द्या, मीटर २००० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा आणि एक टोक बॅटरीच्या प्लस पिनेला, दुसरं जोडाच्या पलीकडे स्विचची जी पिन आहे तिला लावा. जोड आणि वायर मिळून ५० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा कमी दाखवलं तर काम झालं. तीनशे-चारशे दाखवलं तर जोड दिसायला कितीही चांगला असो, उघडा. ५० च्या आत असेल तर मीटर तसाच लावून ठेवून दुसऱ्या हाताने वायर हलवा, पंपाच्या बुडाला थाप मारा, आकडा उडाला नाही पाहिजे. मग दहा मिनिटं पंप चालवा, जोडावर बोट ठेवा, कोमटसुद्धा लागला नाही तर झाकण लावा, आणि झाकणाच्या कडेचं रबर फाटलं असेल तर ते पण आत्ताच बदला, पाणी तिथूनच आत येत होतं.